दोन हत्तींवरची फरशी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या पुरवणीतली इटली रोम-व्हेनिसला संपते, फार तर फ्लॉरेन्स. (तिथं 1870 साली वारलेल्या आपल्या कोल्हापूरच्या राजाराम महाराजांची छत्री आहे, तेव्हा ते शहर माफ.) मी फरशी बसवणारा मिस्त्री. पोरगा तिकडं नोकरीला, म्हणून एप्रिलात दक्षिणेचं ओत्रांतो बघून आलो. इटलीच्या पार पूर्व टोकाचं, तटबंदीचं, समुद्राला चिकटलेलं गाव.

तिथल्या मोठ्या चर्चमध्ये शिरलो आणि पाय पुढं टाकवेना. अख्खी जमीन मोझॅकची, म्हणजे रंगीत बारीक तुकडे जोडून केलेल्या चित्रांची! पांतालेओने नावाच्या साधूनं 1163 ते 1165 मध्ये घातलेली. दारापासून वेदीकडं एक झाड चढत गेलंय, आणि उभं कशावर? दोन हत्तींवर. फांद्यांत बारा महिने, त्यांच्या राशी, शेतातली कामं, बायबलातल्या नोहाची नाव, मधेच सिकंदर. मी वाकून सांधे बघत बसलो, तर बायको म्हणाली, "अहो, इथं कोण कोटेशन मागतंय तुम्हाला?"

1480 मध्ये तुर्कांनी गाव घेतलं, आठशेवर माणसं मारली. त्यांची हाडं तिथंच काचेच्या कपाटांत आहेत. फार वेळ बघवलं नाही.

आमच्या भागातल्या एका जुन्या देवळात परवा दगडी फरशीवर चकचकीत ग्रॅनाइट बसवलं. आधी मलाच विचारलेलं. मी नको म्हटलं, दुसऱ्यानं केलं. आता पावसाळ्यात म्हाताऱ्या घसरतात. ते उकरून खालचा दगड वाचवायचा असेल, तर मी एक रुपया न घेता येतो.

आपला,
एक फरशी मिस्त्री, उत्तरेश्वर पेठ, कोल्हापूर