बेटांवरच्या उंदरांबद्दल पण लिहा

संपादक महोदय,

समुद्रपक्ष्यांवर काही छापून आलं की ते प्लास्टिक नाहीतर तेलगळतीबद्दलच असतं. ते महत्त्वाचं आहेच हो, पण उंदरांचं नावसुद्धा कुठे येत नाही याचं मला फार वाईट वाटतं. जहाजांतून उतरलेले उंदीर आज जगातल्या ८० टक्क्यांहून जास्त द्वीपसमूहांवर पोचलेत.

पेट्रेल, शिअरवॉटर हे पक्षी जमिनीत बीळ करतात आणि वर्षाला एकच अंडं घालतात. त्यांच्या बेटांवर मुळात जमिनीवरून येणारा शिकारी प्राणी नव्हताच, त्यामुळे बिळाएवढी सेफ जागा दुसरी नव्हती. आईबाप खाणं आणायला समुद्रावर गेले की पिल्लू कधी कधी दिवसच्या दिवस एकटं, अंगावर नुसती लव, पळता येत नाही की उडता येत नाही, आणि उंदीर सरळ बिळात शिरतो. मोठे पक्षी बरीच वर्षं जगतात, म्हणून बेटावर थवे दिसत राहतात आणि सगळं ठीक आहे असं वाटतं, पण नवीन पिढी येतच नसते.

बरं हे पक्ष्यांपुरतंच नाही. हिंदी महासागरातल्या चागोस बेटांवरचा २०१८ चा अभ्यास बघा, उंदीर नसलेल्या बेटांवर समुद्रपक्ष्यांची दाटी ७६० पट जास्त निघाली, त्यांच्या विष्ठेतलं नायट्रोजन पावसाबरोबर समुद्रात जातं आणि तिथल्या प्रवाळावर माशांचं एकूण वजन ४८ टक्के जास्त भरलं! म्हणजे बेटावरचा उंदीर पाण्यातल्या माशाच्या पण मुळावर आलाय.

उंदीर मारायला बेटावर विष टाकणं क्रूर आहे असं काहीजण म्हणतात. त्रास होतो हे खरंच आहे, आणि २००८ मध्ये अलास्काजवळच्या हवाडॅक्स बेटावर उंदीर संपले पण विषामुळे बाल्ड ईगल हे गरुड आणि सीगलही मेले, हे लपवायचं कारण नाही, त्यातून शिकूनच पुढची कामं करायला हवीत. पण काहीच न करणं म्हणजे दरवर्षी पिल्लं मरू देणं, ते मला पटत नाही.

कारण उपाय चालतो. ब्रिटनच्या लुंडी बेटावर मँक्स शिअरवॉटरच्या ३०० च्या आसपास जोड्या उरल्या होत्या, २००२ ते २००४ मध्ये उंदीर काढले आणि २०२३ च्या मोजणीत १२,००० च्या वर जोड्या! दक्षिण अटलांटिकमधल्या साउथ जॉर्जियासारख्या अवाढव्य बेटावर हेलिकॉप्टरने विषारी आमिष टाकून २०१८ मध्ये बेट उंदीरमुक्त जाहीर झालं. पर्यावरणाच्या इतक्या कमी प्रश्नांना असं सरळ उत्तर असतं, तरी निधी मिळायला वर्षानुवर्षं लागतात.

तुमच्या पेपरने यावर एक सविस्तर लेख करावा ही कळकळीची विनंती, आणि त्यात उंदीर काढल्यानंतरच्या पहाऱ्याबद्दल जरूर लिहा. बेटावर जाणाऱ्या प्रत्येक बोटीतलं सामान उतरवण्याआधी उघडून बघावं लागतं, कुरतडल्याच्या खुणा दिसाव्यात म्हणून किनाऱ्यावर मेणाचे तुकडे ठेवून ते सतत तपासावे लागतात, आणि हे काम कायमचं असतं, कारण एक गाभण मादी जरी उतरली तरी सगळं परत पहिल्यापासून.

आपला एक वाचक