शाळा ओस पडल्याचा दोष लेकीसुनांवर कशाला?

मा. संपादक,
स. न.

गोव्याच्या घटत्या जन्मदरावरील लेख कालच्या अंकात वाचला. लेखकाची काळजी मला समजते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात गोव्याचा जननदर, म्हणजे एका स्त्रीला सरासरी होणारी मुले, १.३ वर आला आहे आणि पहिलीच्या वर्गाला पट मिळत नाही, हे मी शिक्षिका म्हणून जवळून पाहिले. पण ‘शिकलेल्या बायकांना मूल म्हणजे अडगळ वाटते’ हे विधान आपण छापलेत कसे?

माझी आई शाळेत गेली नाही. गावात शाळाच नव्हती. शाळा आली ती गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या काळात, आणि तिथे मी शिकले. आईची सात बाळंतपणे झाली, दोन मुले पाळण्यातच गेली. तिला किती मुले हवीत, हे घरात कुणी तिला विचारले नाही.

माझी सून पदवीधर. दुसऱ्या बाळंतपणाच्या वेळी तिने कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया करून घ्यायचे ठरवले. मुलगा बोटीवर, महासागरात. एका सरकारी इस्पितळात तिला सांगण्यात आले, “नवऱ्याची सही आणा, नाहीतर राहू दे.” केंद्र सरकारच्या नियमांत नवऱ्याच्या संमतीची अट नाही. सुनेने खाटेवर बसल्या बसल्या मोबाईलवर ते नियम शोधले आणि नर्सबाईंच्या पुढे धरले. त्यांनी न वाचताच हात झटकला. शेवटी मोठ्या डॉक्टरांनी वाचले, तेव्हा कुठे फॉर्म मिळाला. माझी आई असती तर मुकाट्याने घरी परतली असती. शिक्षणाने नेमके काय होते, ते मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिले. मुलांवर तिचा जीव कमी आहे, असे कुणी माझ्यासमोर म्हणून दाखवावे!

त्याच सर्वेक्षणात देशभरात शाळेत न गेलेल्या स्त्रियांचा जननदर २.८ आहे, बारावी वा त्यापुढे शिकलेल्यांचा १.८. मुलगी शिकते तेव्हा लग्न लांबते, बाळाचे दुखणे वेळेवर ओळखता येते, मुले जगतात, मग काही दगावतील म्हणून जास्त मुले हाताशी असावीत, अशी भीती उरत नाही. बांगलादेशाने १९९४ पासून खेड्यातल्या मुलींना माध्यमिक शाळेसाठी विद्यावेतन दिले, अट अशी की शिकत असताना लग्न करायचे नाही. तिथे घरोघर जाणाऱ्या आरोग्यसेविकाही होत्या, हे मान्य. पण १९७० च्या सुमारास सहाच्या वर असलेला त्यांचा जननदर आज दोनच्या आसपास आहे. आपल्या लेखकांना यातले काहीच सांगावेसे वाटले नाही?

आणि मुलींनी शिकावे असे आपल्या वृत्तपत्राला मनापासून वाटत असेल, तर आमच्या भागातली संध्याकाळची शेवटची बस बंद पडली आहे, त्यावर चार ओळी छापा. बारावीच्या मुली वाळपईहून अर्ध्या वाटेपर्यंत मिळेल त्या गाडीने येतात आणि पुढे काळोखात रानातून चालतात. त्यांतल्या दोघींच्या घरी शिक्षण थांबवायची बोलणी सुरू झाली आहेत.

— एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका, सत्तरी तालुका, गोवा