नशिबाचा नव्हे, स्प्रिंगचा खेळ

महोदय,

जुन्या व्हिडिओ गेमवरील आपल्या पुरवणीतल्या लेखात ‘री-व्होल्ट’ची बोळवण ‘हाती येईल ते शस्त्र सोडायचे, बाकी नशीब’ अशी एका वाक्यात केली आहे. ते पटण्यासारखे नाही.

१९९९ मध्ये अक्लेम या कंपनीने आणलेल्या या गेममध्ये रिमोटवर चालणाऱ्या खेळण्यातल्या गाड्या असतात, आणि त्या तशाच वागतात. वजन जेमतेम, चारही चाकांना वेगवेगळी स्प्रिंग. पदपथाच्या कडेला एक चाक लागले तरी गाडी उताणी. म्हणून वळणाआधीच अ‍ॅक्सिलरेटर सोडावा, कीबोर्डवरचे बाण दाबून न धरता टिचक्या माराव्यात आणि गाडी सरळ झाल्यावरच वेग घ्यावा. भर वळणात ब्रेक मारला की मागची बाजू सुटलीच म्हणून समजा.

शस्त्रांचेही तेच. समोरच्या गाडीवर निशाण धरल्याशिवाय रॉकेट सोडू नये. वळणावर ते भिंतीत जाते. तेल सरळ रस्त्यावर सांडणे म्हणजे फुकट घालवणे, कारण मागचा आरामात बाजूने निघतो. वळण संपते तिथे, अरुंद जागी ते टाकावे. बॉम्ब अंगाला चिकटला, तर दुसऱ्या गाडीला घासून तो तिच्या गळ्यात मारायचा असतो. एकटेच आघाडीवर असाल तर घासणार कोणाला? तेव्हा आघाडी सोडून मागच्याची वाट पाहणेही परवडते!

खरी मजा मात्र लेखात आलीच नाही. संगणकावरच्या आवृत्तीत ‘कार्स’ फोल्डरमध्ये प्रत्येक गाडीची ‘पॅरामीटर्स’ नावाची साधी टेक्स्ट फाइल असते; गाडी कशी वागेल हे तिच्यातले आकडे ठरवतात. तिची प्रत ठेवून मगच हात घालावा. स्प्रिंगचा कडकपणा जास्त झाला तर गाडी प्रत्येक खड्ड्यावर उडते. डॅम्पिंग, म्हणजे स्प्रिंगचे हेलकावे शमवणारा जोर, कमी पडले तर उडी संपल्यावरही डुलत राहते. नवखे सर्वात आधी चाकांची पकड वाढवतात. घसरणे थांबते खरे, पण तीच गाडी मग वळणावर कलंडते, कारण चाके रस्ता सोडत नाहीत आणि वरचा भाग पुढे जाऊ पाहतो. गुरुत्वमध्य थोडा खाली घेतला की हे आटोक्यात येते. एका वेळी एकच आकडा बदलावा आणि त्याच ट्रॅकवर टाइम ट्रायल (घड्याळाविरुद्ध एकट्याने धावणे) लावून वेळ ताडून पाहावी. ऑनलाइन शर्यतीला मात्र मूळ फाइल परत ठेवावी. बदललेली गाडी घेऊन उतरणे ही सरळसरळ लबाडी आहे.

— एक वाचक