आठवड्यातला एक तास

प्रिय मित्रा,

सप्रेम जयख्रिस्त.

तुझं पत्र मिळालं. चर्चच्या मंडळीच्या वतीने तू मुलांच्या कामात उतरतोयस, म्हणजे एका मुलाचा मेंटॉर, दर आठवड्याला त्याच्याजवळ येऊन बसणारा मोठा सोबती, होतोयस, आणि तेही शहराच्या अशा भागात जिथून अंधार पडल्यावर लोक जाणं टाळतात, हे वाचून फार बरं वाटलं. पहिल्या भेटीत मुलाला काय सांगू, असं तू विचारलंयस. काही सांगू नकोस. एवढ्यावरच थांबलो तर तू म्हणशील, हा टाळतोय. म्हणून सविस्तर लिहितो.

चर्चच्या पाळकांना होकार द्यायच्या आधी एकदा कॅलेंडर समोर घेऊन बस. दर आठवड्याला एक तास, असं निदान वर्षभर जमणार आहे का? बदलीची शक्यता असेल, घरी बाळ येणार असेल, नोकरीचं काही खरं नसेल, तर आत्ता सरळ नाही म्हण. यात काही कमीपणा नाही. मी एवढं ताणून का धरतोय ते सांगतो. अमेरिकेत ‘बिग ब्रदर्स बिग सिस्टर्स’ ही 1904 पासून चालत आलेली संस्था आहे. तिच्याकडे आलेल्या 10 ते 16 वयाच्या 959 मुलांचा आठ शहरांत अभ्यास झाला, त्याचा अहवाल 1995 साली आला. निम्म्या मुलांना लगेच मेंटॉर दिला, निम्म्यांना प्रतीक्षा यादीत ठेवलं. दीड वर्षाने पाहिलं तर मेंटॉर मिळालेल्या मुलांमध्ये अमली पदार्थ सुरू करण्याचं प्रमाण 46 टक्क्यांनी कमी, दारूचं 27 टक्क्यांनी कमी. हे आकडे सगळे कौतुकाने सांगतात. पण हीच माहिती पुन्हा तपासून ग्रॉसमन आणि ऱ्होड्स या दोघींनी 2002 साली जे मांडलं, ते फारसं कुणी सांगत नाही. वर्षभर किंवा जास्त टिकलेल्या जोड्यांत फायदा सगळ्यात जास्त दिसला. आणि ज्यांचा मेंटॉर तीन महिन्यांच्या आत गळला, त्या मुलांची स्वतःबद्दलची किंमत मेंटॉर न मिळालेल्या मुलांपेक्षाही घसरली.

म्हणजे अर्धवट चांगुलपणा इथे शून्यावर थांबत नाही, उणे होतो. ज्या मुलाचा बाप तुरुंगात आहे, किंवा आहे कुठे तेच कुणाला माहीत नाही, त्याला मोठी माणसं निघून जाण्याची सवय असते. तू आणखी एक होशील.

माझ्याकडे जो मुलगा होता, तो सुरुवातीचे काही आठवडे आलाच नाही. मी ठरलेल्या खोलीत बुद्धिबळाचा पट मांडून बसायचो आणि तास संपला की सोंगट्या डब्यात भरून परत यायचो. पुढे केव्हातरी त्याच्याच तोंडून कळलं की तो वरच्या जिन्यात बसून बघायचा, हा किती वेळ थांबतो ते. परीक्षा त्याने घेतली होती, मी नव्हे! तो यायला लागला तेव्हाही पाठ भिंतीला आणि तोंड दाराकडे, असाच बसायचा. वाचून दाखव म्हटलं की धडाधड वाचायचा. मला वाटलं, पोरगं हुशार आहे. मग एकदा लक्षात आलं की शेवटची ओळ ‘वाचायच्या’ आधीच तो पान उलटतोय आणि पुढचं वाक्य त्याच्या तोंडात तयार आहे. धडा कुणाकडून तरी ऐकून पाठ केला होता. अक्षरं त्याला लागतच नव्हती. भरलेल्या वर्गात हे कुणाच्या ध्यानात येणार? मी काही बोललो नाही. पुढच्या वेळी त्याने कधीच न पाहिलेलं, खूप चित्रांचं पुस्तक नेलं आणि म्हटलं, हे आपण दोघं मिळून लावू या. त्याने माझ्याकडे रोखून पाहिलं. त्याला कळलं होतं की मला कळलंय.

आता तू म्हणशील, यात ख्रिस्ती काय आहे? हे तर कुणीही करेल. करावंच. माझं मत विचारशील तर श्रद्धा हा मुलाला द्यायचा माल नाही. कंटाळा आलेल्या आठवड्यातही तू जाऊन बसतोस, ते तिच्या बळावर. येशूने सांगितलेल्या चांगल्या शोमरोन्याच्या गोष्टीत, वाटेत घायाळ पडलेल्या परक्याला तो उचलून खाणावळीत नेतो त्या, आपण जखमांवर ओतलेलं तेल आणि द्राक्षारस लक्षात ठेवतो. पण तो खाणावळवाल्याला सांगून जातो की परत येताना जास्तीचा खर्च भागवीन. परत येणार होता तो! उपदेश करणारे मंडळीत पुष्कळ आहेत, परत येणारे थोडे. ‘किती मुलं प्रभूकडे आणली’ याचा तक्ता ठेवणाऱ्या कामांपासून तर चार हात लांबच राहा. मुलं फार चतुर असतात, आपण कुणाच्या तक्त्यातला आकडा आहोत हे त्यांना लगेच समजतं. त्याने आपणहून विचारलं की तू का येतोस, तर खरं ते दोन वाक्यांत सांग. प्रार्थना करायची तर आधी त्याच्या आईला विचार. आणि काम सरकारी शाळेत चालणार असेल तर तिथले नियम पाळ, धर्माचं बोलणं शाळेच्या दाराबाहेर ठेव.

डॉन बॉस्को या इटलीतल्या धर्मगुरूचं मला म्हणूनच कौतुक वाटतं. 1841 च्या सुमारास तुरीनमध्ये तो तुरुंगात जायचा, आणि सुटलेली पोरं थोड्याच दिवसांत पुन्हा आत आलेली बघायचा. गावाकडून बांधकामावर आलेली मुलं, बाहेर त्यांचं कुणीच नव्हतं. त्याने खेळायला जागा दिली, प्रार्थना शिकवली, आणि पुढे त्यांना कामावर ठेवणाऱ्या मालकांशी लेखी करार केले. मुलाला कुठलं काम द्यायचं, सुट्टी कधी, मारायचं नाही, असं सगळं कागदावर. मला तर तो कागदसुद्धा भक्तीचाच वाटतो.

तुझ्या पाळकांना अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाचं ‘अमाची’ हे मेंटॉरचं काम जरूर सांग. 2000 साली सुरू झालं, तुरुंगात असलेल्यांच्या मुलांसाठी. पुढे होते त्या शहराचे माजी महापौर विल्सन गुड. त्यांचे स्वतःचे वडील ते किशोरवयात असताना तुरुंगात गेले होते आणि त्यांना सांभाळून घेतलं ते मंडळीने. माणसं चर्चमधून यायची, पण पार्श्वभूमी तपासणं, जोड्या लावणं आणि मग पाठपुरावा करणं ‘बिग ब्रदर्स’च्या अनुभवी लोकांकडे. ही वाटणी मला फार शहाणपणाची वाटते. आपल्या मंडळ्यांत तपासणी म्हटलं की लोकांना राग येतो, ‘आमच्यावर विश्वास नाही का?’ नाही, या बाबतीत कुणावरच नाही. तुझीही पोलीस पडताळणी होऊ दे. बंद खोलीत एकटा बसू नकोस, दार उघडं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असं. गाडीतून एकट्याला नेऊ नकोस. मुलाने घरातल्या मारहाणीचं काही सांगितलं तर ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नकोस, जबाबदार व्यक्तीला त्याच दिवशी कळव.

पैसे देऊ नकोस. महागड्या भेटवस्तूही नकोत. आईला घरात जे देता येत नाही ते तू दर आठवड्याला घेऊन आलास की तिची पोराच्या नजरेतली किंमत उतरते. ती दोन ठिकाणी राबत असेल, तुझ्याशी तुसडेपणाने वागेल, मंडळी आपलं मूल पळवणार असं तिला वाटत असेल. तिला तसं वाटायला कारणं असतील. भेटलास की मुलाची एखादी चांगली गोष्ट तिला सांग. शाळेतून तिला फोन येतात ते तक्रारीचेच.

पत्रात तू काय काय करायचं याची जी यादी दिलीयस, तीत ‘मुलाला वाईट संगतीतून सोडवणे’ असं लिहिलंयस, ते मात्र खोड. ती संगत म्हणजे त्याच्या जिन्यावरचे शेजारी आहेत, त्याचा मावसभाऊ आहे. तू तासाभराने घरी जाणार, त्याला तिथेच राहायचंय.

वार कोणता ठरतोय ते कळव. शुक्रवार घेऊ नकोस, सुट्ट्या आणि लग्नकार्यं त्याच्याच आसपास येतात, खाडे पडतात. आणि तू आजारी पडलास तर निरोप कोण देणार, हे पाळकांकडून आधीच नक्की करून घे. निरोप मुलापर्यंत पोचला पाहिजे, नुसता ऑफिसपर्यंत नव्हे.

वहिनींना नमस्कार.

तुझाच,
जुना मित्र