दिवाळीला का आले नाही

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

दिवाळीला आले नाही म्हणून आई फोनवर धड बोलली नाही. चूक माझीच. शाळेचं काम आहे एवढं सांगून मोकळी झाले. ते काम काय होतं, ते आज लिहिते.

आमच्या शाळेतली एक मुलगी गेल्या वर्षी आठवीतून एनएमएमएस या केंद्र सरकारच्या शिष्यवृत्ती परीक्षेला बसली. ही परीक्षा डिसेंबरात असते, म्हणजे केज भागातल्या मजुरांच्या टोळ्या ऊसतोडीला गेलेल्या असतात तेव्हा. ही आजीजवळ राहिली, 90-90 प्रश्नांचे दोन्ही पेपर दिले आणि यादीत आली. राज्याच्या वाट्याला 11,682 शिष्यवृत्त्या, त्यातली एक आमची! नववी ते बारावी, वर्षाला 12,000 रुपये.

पण नववीत गेल्यावर ऑनलाइन अर्ज भरावा लागतो आणि पैसे आधार जोडलेल्या खात्यातच येतात. हिचं खातंच नव्हतं, आधारवर नावही चुकलेलं. त्यात दसरा झाला आणि धाकट्या भावाला सांभाळायला बापाने तिला टोळीबरोबर नेलं. त्याला तरी काय बोलणार? टोळीच्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली. आठवीपर्यंत पुस्तकं फुकट, दुपारची खिचडी मिळते. नववीत दोन्ही बंद. आमची पोरं गळतात ती इथेच.

फोनवर फोन केले तेव्हा तो रातोरात तिला माझ्याकडे सोडून गेला. आधार केंद्रात तीनदा अंगठा ठेवला, उमटेना. हात बघितला तर वाढे, म्हणजे उसाच्या शेंड्याचा पाला, बांधून बोटांना बारीक बारीक चिरा पडलेल्या. तिने पटकन हात ओढणीत लपवला. रात्री कोमट पाण्याने धुऊन खोबरेल लावलं, सकाळी पुन्हा नेलं, तेव्हा कुठे ठसे आले. मग नाव दुरुस्त होण्याची वाट, मग बँक, मग अर्ज. सुट्टी त्यातच गेली. आई, तुझ्या पद्धतीने शंकरपाळे केले होते आम्ही दोघींनी. तिने थोडे भावासाठी बांधून ठेवलेत.

बाबा, त्या केंद्राबाहेरच्या बाकावर तुमची फार आठवण आली. माझ्या दहावीच्या वर्षी उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तुम्ही तीनदा तालुक्याला गेलात. तीन दिवसांची मजुरी बुडाली. घरी येऊन "उद्या मिळेल" एवढंच म्हणायचात, आणि मी दाखला नाही म्हणून तुमच्यावरच रुसायचे. तुम्ही दिवसभर कुठे उभे होतात, काही खाल्लंत का, हे मी कधी विचारलंच नाही.

आता ती आजीकडे राहून शाळेत येते. यंदा आठवीतली नऊ मुलं परीक्षेला बसवली आहेत. त्यांचे आधार, दाखले, खाती आत्ताच बघून ठेवते आहे, म्हणजे पुढच्या दिवाळीला धावपळ नको.

पुढच्या रविवारी येते. बाबा, माझे जुने दाखले ठेवलेली ती पिशवी ट्रंकेतून काढून ठेवा. तो दाखला मला एकदा बघायचा आहे.

तुमची,
ताई