बाजेवर पोती ठेवू नका

ती. आई-बाबा,
सा. न.

बाबा, काल फोनवर तुम्ही हसत हसत सांगितलंत, की न्हाणीच्या दगडापाशी जनावर निघालं आणि काठीनं तिथंच ठेचलं. मी वॉर्डात होते म्हणून गप्प बसले. आता लिहिते. चष्मा लावा आणि आईला मोठ्यानं वाचून दाखवा. मधलं गाळलंत तर पंचमीला आल्यावर मला कळेलच.

बारकं, काळं, अंगावर पांढऱ्या बारीक रेघा, असं म्हणालात. ती मण्यार होती. नाग फणा काढतो, घोणस कुकरसारखी फुसफुसते, निदान माणूस मागं तरी सरतो. मण्यार आवाज करत नाही. रात्री उंदीर, पाली, दुसरे साप हुडकत घरात शिरते आणि भुईवर निजलेल्याचा हात तिच्यावर पडला की चावते. ना सूज, ना आग. डास चावला म्हणून माणूस कूस बदलून झोपतो.

अण्णाकाकांचं तसंच झालं. मी चौथीत होते, आषाढच होता. पहाटे काका पोटात कळ येते म्हणून उठले, आजीनं ओवा-मीठ दिलं. मग घोट गिळेना, पापण्या मिटायला लागल्या. आजी म्हणाली, झोप पुरी झाली नाही लेकराची. पान लागल्याचा संशय आला तेव्हा लिंबाचा पाला चघळायला दिला, कडू लागतो का म्हणून. घरातली एकुलती बाज तेव्हा बाहेर निघाली, त्यांना मारुतीच्या पारावर न्यायला. दहा वाजेपर्यंत तिथंच. मी पायाशी उभी होते. पापणी उचलत नव्हती, पण ऐकू येत होतं त्यांना. मी "काका" म्हटलं तर एक बोट हललं.

आता कळतं ते काय होतं. मण्यारीचं विष नसांकडून स्नायूंना जाणारा निरोप तोडतं. आधी पापण्या, मग घसा, शेवटी श्वास. वेळेत आणलं, लस दिली, श्वास मशीनवर चालू ठेवला, तर काही दिवसांनी तोच माणूस उठून चहा मागतो. मी पाहिलेत असे.

म्हणून आई, ओसरीतली तुझी वाकळ आता बंद. "जन्म गेला भुईवर झोपून" हे मला सांगू नकोस. तुझ्यासाठी दुसरी बाज घेतलीय, सोबत मच्छरदाणी. तिच्या कडा चारी बाजूंनी गादीखाली खोचायच्या आणि चादर भुईला लोंबू द्यायची नाही. गुदमरतं म्हणशील, पण ती डासांसाठी नाहीच मुळी. चुलीमागच्या गोवऱ्या आणि पऱ्हाट्या भिंतीपासून लांब रचा, उचलायच्या आधी काठीनं हलवा. खुरपताना बांधाच्या गवतात आधी खुरपं फिरव, मग हात घाल.

बाबा, दिवाळीला आणलेले गमबूट खुंटीला टांगलेत ते पाहुण्यांना दाखवायला नाहीत. रब्बीत रात्रीची लाईट आली की तुम्ही चपलेवर दारं धरायला निघणार, हे ठाऊक आहे मला. बूट घाला, आधी उलटे करून झटका, विंचू असतो. (विंचवाच्या विषावर औषध दाखवून देणारे डॉक्टर बावस्कर आपल्या जालन्याकडचेच, तुम्हाला आवडेल ऐकून.) मोबाईलचा मिणमिणता उजेड नको, बॅटरी घ्या आणि काठी आपटत चाला. सापाला बाहेरून कान नसले तरी भुईचा हादरा कळतो.

आणि पुन्हा जनावर दिसलं तर मारायला धावू नका. तुटलेलं मुंडकंसुद्धा चावतं. कालचं उचलून टाकलंत ते हातानं की काठीनं, हे तुम्ही सांगितलंच नाही.

चावलंच तर लगेच १०८. दोरी बांधायची नाही, ब्लेड लावायचं नाही. जोडवी, बांगड्या, अंगठी सुजेच्या आधी काढा. हात-पाय फळीला सैल बांधून हलू देऊ नका, चालवू तर मुळीच नका. साप सोबत आणायची गरज नाही. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चौघांवर एकच लस चालते आणि सरकारी दवाखान्यात ती फुकट आहे. घोणशीचा संशय असला की आम्ही थोडं रक्त काचेच्या कोरड्या नळीत घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवतो. मग नळी तिरकी करायची. रक्त पाण्यासारखं वाहिलं की विष रक्तात चढलंय. एवढं साधं काम, पण ती वीस मिनिटं सरत नाहीत.

तुम्हाला आकड्याशिवाय पटत नाही, म्हणून सांगते. २००० ते २०१९ या वीस वर्षांत आपल्या देशात सर्पदंशानं सुमारे १२ लाख माणसं गेली, असा अभ्यास आहे. त्यातली बरीचशी पावसाळ्यात, खेड्यात.

पंचमीला तीन दिवस रजा मिळालीय. आई नागोबाला भाऊ मानून उपास धरते आणि तुम्ही तिचा भाऊ ठेचता, यावर आल्यावर बोलू. दूध वारुळात ओतू नकोस गं, सापाला ते चालत नाही. मला चहा कर.

बाज गुरुवारी टेम्पोतून येईल. तिच्यावर सोयाबीनची पोती ठेवू नका.

तुमची,
ताई