दिन्या, तिकिटाची तारीख बदल

दारव्हा,
पोळ्याच्या आदल्या दिवशी

प्रिय दिन्या,

इतके दिवस पत्र नाही, फोन नाही. शिव्या देऊन झाल्या की पुढे वाच. इकडे सगळे बरे, काकाजींची शुगर आटोक्यात. पण बंड्या काल म्हणे, तू दोह्याहून २० सप्टेंबरला सोयाबीन काढायला येतोस आणि कापसाचे वेचे आटोपून ३१ जानेवारीला जातोस. काहून बे? आयकरासाठी इथले दिवस मोजलेस का?

तू जानेवारी ते डिसेंबर धरून बसला असशील. आयकराचं वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च. सोनीच्या लग्नाला १० एप्रिल ते ५ जून इथे होतास, ते ५७ दिवस. आताचे १३४. झाले १९१. १८२ भरले की तू इथला रहिवासी. यायचा आणि जायचा, दोन्ही दिवस धर. यायचा दिवस वगळणारे निकाल आहेत, पण त्यांच्या भरवशावर तिकीट काढू नको. शिवाय दिवस इमिग्रेशनच्या शिक्क्यावरून धरतात. विमान पहाटेचं आणि शिक्का बाराच्या ठोक्यानंतर, तर एक दिवस वाढला.

रहिवासी झालास तर काय, असं तू विचारशीलच. दहा-बारा वर्षं बाहेर असलेल्याला ‘सामान्य रहिवासी नाही’ म्हणून सूट मिळते, परदेशातला पगार सुटतो. तू गेलास २०२२ ला. त्या सवलतीत तू बसत नाहीस: मागच्या दहा वर्षांतली नऊ अनिवासी नाहीत, आणि मागच्या सात वर्षांत इथले दिवस ७२९ च्या वर. म्हणजे दोह्याचा वर्षभराचा पगार इथे करपात्र. तिकडे पगारावर करच नाही, मग इथे वजा काय मागशील? वर तिकडचं बँक खातंही रिटर्नमध्ये दाखवायचं.

२१ जानेवारीला निघालास तर १८१ होतात. पण तू आणि वेळेवर? कॅरमची सोंगटीसुद्धा उद्या मारतो म्हणणारा माणूस. १५ चं तिकीट काढ, १७५ होतील. राहिलेला वेचा मी बघतो, मजुरी तू पाठव. नायतर पुढल्या खेपेला फेब्रुवारीत ये आणि मे मध्ये जा, दिवस दोन वर्षांत वाटले जातात.

आता तू विकतोस तो नागपूरचा प्लॉट. किंमत नाही, नफा मोज. भाडं, व्याज धरून इथलं उत्पन्न १५ लाखांवर गेलं, तर कतारमध्ये कर लागत नसल्यामुळे एक दिवसही न राहता कायदा तुला रहिवासी मानतो. शेतीचं उत्पन्न यात येत नाही. ही मात्र रहिवाशाची सौम्य जात आहे, पगार सुटतो. १८२ ची जात तशी नाही. घेणाऱ्याला ‘१ टक्का टीडीएस (पैसे देतानाच कापायचा कर) काप’ सांगशील तर तोच अडकेल. तो १ टक्का इथल्या विकणाऱ्यासाठी. अनिवासी विकतो तेव्हा जास्त कापतात, बहुधा पूर्ण किमतीवर. खरेदीखताआधी कर कमी कापायचा दाखला काढ, नायतर रिफंडची वाट बघत बस.

आणि गावातून लॅपटॉपवर ऑफिस करणार म्हणे! इथे बसून केलेल्या कामाचा पगार इथेच कमावलेला धरतात, अनिवासी असलास तरी. रजा टाकून ये.

वहिनी, पोरगा बरे ना? त्याची शाळा लागली का? धुऱ्यावरचा निंब मला न विचारता विकलास, ते आल्यावर बोलू.

बोर्डिंग पासचे फोटो काढून ठेव, शिक्के पुसट येतात.

तुझाच,
गज्या